रेइनो कांगासचं सद्वर्तन

तामारॅक क्रीक हे लेक सुपीरियरच्या दक्षिण काठावरचं गाव. तांब्याच्या खाणी बंद पडल्या तसे बाकीचे निघून गेले आणि फिनिश लोक तेवढे राहिले. त्या गावात रेइनो कांगासबद्दल कुणाला वाईट बोलायचंच असतं तर एकच गोष्ट सापडली असती. तो काउंटीच्या रस्तेखात्यात बर्फ काढायची गाडी चालवायचा, आणि रस्ता मोकळा करता करता लोकांच्या फाटकांपुढे कमरेइतका बर्फाचा बांध घालून जायचा. पण तो काय, ती गाडी चालवणारे सगळेच घालतात. बाकी माणूस सरळ. दारू बेतानं, बोलणं त्याहून बेतानं. निवृत्त झाल्यावर सकाळी लाकडं फोडायची, दुपारी झोपायचं, बुधवार-शनिवार सौना, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली, तापवायची, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचं.

पहिल्या बाकावर बसणं त्याला भाग होतं. त्याची बायको लेम्पी त्या चर्चमध्ये पायपेटी वाजवायची आणि वाजवता वाजवता मान वळवून नवरा जागा आहे का ते बघायची. लेम्पीचे वडील त्याच चर्चचे पाद्री होते. कडक माणूस. पत्ते, नाच, शिट्टी वाजवणं, सगळं त्यांच्या लेखी पाप. रेइनो कोरियाच्या लढाईवरून परत आला आणि मुलगी मागायला गेला, तेव्हा त्यांनी त्याला तासभर उभं ठेवून प्रश्न विचारले होते. फौजेत असताना हातून देवाचा काही अपराध घडला का, हाही त्यातलाच एक. रेइनो नाही म्हणाला, आणि लग्न झालं.

पुढे पन्नास वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग माजी सैनिकांच्या हॉलला नवा रंग दिला गेला.

रंग दिल्यावर मोकळी भिंत बघून हॉलचा सेक्रेटरी क्लिफर्ड बुस्के याच्या डोक्यात आलं की तिथं गावातल्या प्रत्येक माजी सैनिकाचा फोटो लावावा आणि खाली त्याची पदकं लिहावीत. क्लिफर्डला काम नव्हतं आणि उत्साह फार. त्यानं सगळ्यांकडून फौजेतून सुटल्याचे दाखले गोळा केले. रेइनोचा दाखला वाचून त्यानं चष्मा काढला, पुसला आणि परत वाचला. पदकांच्या रकान्यात ‘काही नाही’ असं टाइप केलेलं होतं.

“तू कोरियाला गेला होतास ना?” त्यानं विचारलं.

“गेलो होतो.”

“मग कोरियाचं पदक कुठाय? आणि सद्वर्तनाचं? अरे, ते तर आमच्या कंपनीत कोंबड्या चोरणाऱ्यालासुद्धा मिळालं होतं.”

रेइनोनं खांदे उडवले आणि तो लाकडं फोडायला घरी गेला.

हे बोलणं शुक्रवारी झालं, आणि शुक्रवारी हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं. म्हणजे ते ऐकायला साठ माणसं होती. रविवारी चर्चनंतर तळघरात कॉफी चालू होती, वेलदोडा घातलेल्या निसू पावाचे तुकडे फिरत होते, आणि लेम्पीच्या लक्षात आलं की आपण जवळ गेलो की बायका एकदम हवामानावर बोलायला लागतात. शेवटी एल्मा साल्मेला नावाच्या तिच्या मैत्रिणीला राहवलं नाही. तिनं लेम्पीचा हात हातात घेतला आणि फार मायेनं म्हणाली, “हे बघ, तरुण होता तो. घरापासून लांब होता. कोरियातली ती बाई असलीच, तरी आता म्हातारी झाली असेल.”

लेम्पी घरी आली ती टोपी न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिली. तिनं रेइनोला विचारलं की सद्वर्तनाचं पदक का नाही. रेइनो म्हणाला, कारकुनाची चूक असेल. तिनं विचारलं, बाई होती का? रेइनो इतका दचकला की ते खोटं आहे हे तिला तिथंच कळलं. पण दुसरं काहीतरी आहे, हेही तिला त्याच क्षणी कळलं, कारण त्याचे कान लाल झाले होते. त्या माणसाच्या तोंडावर कधी काही दिसायचं नाही. जे काय व्हायचं ते कानांवर.

“मग ही चूक आपण दुरुस्त करून घ्यायची,” लेम्पी म्हणाली. “मी त्या एल्माचं तोंड बंद केल्याशिवाय राहणार नाही.”

रेइनोला ठाऊक होतं की चूक कारकुनाची नाही. कोरियात, पहिल्या हिवाळ्यात, त्यानं प्रार्थनेचा तंबू जाळला होता. मुद्दाम नाही, पण जाळला होता. आतल्या पायपेटीसकट.

काउंटीच्या कचेरीत माजी सैनिकांची कामं बघायला ग्वेन डिसाल्व्हो नावाची बाई होती. स्वतः नौदलात वीस वर्षं काढलेली, आवाज असा की समोरच्याला वाटावं आपण बोटीच्या दुसऱ्या टोकाला उभे आहोत. लेम्पीनं सगळं सांगितलं, रेइनो भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसला. ग्वेन म्हणाली, कोरियाची पदकं सोपी आहेत. तुमची कंपनी तिथं होती याची नोंद असली की झालं, अशा चुका त्या काळात हजारांनी झाल्यात. सद्वर्तनाचं मात्र जरा अवघड, कारण रेइनोची मूळ फाईलच नाही. सेंट लुईसला सैन्याची कागदपत्रं ठेवायची इमारत होती, तिला सत्तरच्या दशकात आग लागली आणि त्या काळातल्या बहुतेक फायली जळाल्या.

“पूर्ण जळाल्या?” रेइनोनं विचारलं. त्या भेटीत तो बोलला ते हे पहिलं वाक्य.

“राख झाली, रेइनोसाहेब.”

रेइनोचा जीव भांड्यात पडला. एका आगीनं त्याचा घात केला होता, दुसरीनं त्याला वाचवलं, असं त्याला वाटलं. कचेरीतून बाहेर पडताना त्यानं लेम्पीसाठी दारही उघडून धरलं, जे तो एरवी ख्रिसमसलाच धरायचा.

पण ग्वेन हातात घेतलेलं काम सोडणारी नव्हती. फाईल नसेल तर त्या वेळच्या कंपनी कमांडरचं लेखी म्हणणं चालतं, असा नियम तिला सापडला. मग त्या कंपनीची म्हातारी मंडळी दरवर्षी कुठं ना कुठं जमतात हे सापडलं. आणि तीन आठवड्यांनी तिचा फोन आला की अभिनंदन, तुमचे कॅप्टन जिवंत आहेत.

कॅप्टन हार्लन थ्रेलकेल्ड चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. मूळचे केंटकीचे, पण बायको गेल्यावर मुलीनं त्यांना विस्कॉन्सिनमध्ये ऑशकॉशला, आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात आणून ठेवलं होतं. लेम्पी म्हणाली, पत्र लिहून उगीच वेळ घालवायचा नाही, समोर जाऊन सही घ्यायची. तिनं निसूचे दोन पाव भाजले, रेइनोला इस्त्रीचा शर्ट घातला आणि गाडी स्वतः चालवायला घेतली, कारण रेइनो गाडी चालवायचा ती पुढे बर्फ काढायचं पातं लावलेलं असल्यासारखीच.

साडेचार तासांचा रस्ता. रेइनोनं मनाशी ठरवलं होतं की वाटेत सांगून टाकायचं. विस्कॉन्सिनची हद्द लागेपर्यंत त्यानं तीनदा घसा साफ केला. पहिल्या वेळी लेम्पीनं खोकल्याची गोळी दिली. दुसऱ्या वेळी खिडकीची काच वर केली. तिसऱ्या वेळी ती म्हणाली की परत गेल्यावर डॉक्टरला दाखवू, आणि विषय संपला.

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात कॅप्टन चाकांच्या खुर्चीत बसले होते. पाठ ताठ, मिशी पांढरी, कानात यंत्र. मुलगी, मेरीडिथ, शेजारी. रेइनो समोर जाऊन उभा राहिला तो आपोआप सावधानमध्ये. कॅप्टननी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग त्यांच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उगवत गेलं.

“कांगास,” ते म्हणाले. “माझं चर्च जाळलंस तो तू.”

बहिऱ्या माणसाचा आवाज. शेजारच्या चार टेबलांवरचे काटेचमचे थांबले. रेइनोचे कान बीटासारखे झाले. लेम्पीनं पावाची पिशवी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली, बसली आणि म्हणाली, “कॅप्टन, मला पहिल्यापासून सांगा.”

कॅप्टनना कुणी पहिल्यापासून सांगा म्हटल्याला बरेच दिवस झाले असावेत. त्यांनी सांगितलं. हिवाळा असा की ट्रकमधलं तेल गोठायचं. त्यांची कंपनी रस्ते आणि पूल बांधणाऱ्यांची. माणसं दिवसभर बर्फात, अंघोळ महिनामहिना नाही, पायांची बोटं काळी पडायला लागलेली. हा कांगास म्हणून फिनिश पोरगा, आठवड्यात दोन वाक्यं बोलणारा, एक दिवस येऊन म्हणाला की सौना बांधली तर माणसं बरी होतील. कॅप्टननी विचारलं, ते काय असतं? तो म्हणाला, गरम खोली. ते म्हणाले, बांध. परवानगी दिली एवढा दोष आपला, हे त्यांनी कबूल केलं. पण सगळ्या छावणीत दुहेरी कापडाचा तंबू एकच, आणि तो प्रार्थनेचा, हे कांगासनं विचारायच्या भानगडीत न पडता ठरवलं. सोमवारी पाद्री दुसऱ्या छावणीत गेला होता. यानं तेलाच्या पिंपाची चूल केली, वर दगड रचले, चर्चचे बाक एकावर एक ठेवून पायऱ्या केल्या. सकाळपासून चार-चार माणसं आत जायला लागली. बाहेर आली ती लालबुंद, आणि गात. महिनाभर त्यांच्या कंपनीत कुणी गायलं नव्हतं.

“दुपारी माझा नंबर होता,” कॅप्टन म्हणाले. “मी टॉवेल गुंडाळून, बूट घालून बाहेर उभा. आत शेवटची चौकडी. तेवढ्यात आत धडाम्‌ असा आवाज झाला. दगड फुटले. फुटले ते बंदुकीच्या गोळ्यांसारखे उडाले, चुलीचं नळकांडं पडलं आणि कापडानं पेट घेतला. चार नागडे शिपाई माझ्या अंगावरून पळाले. आणि समोरून कर्नलची जीप.”

कर्नलनी आधी आग बघितली, मग नागडे शिपाई बघितले आणि मग टॉवेलमधला कॅप्टन बघितला. जे बोलले ते मेरीडिथसमोर सांगण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी पाद्री परतला आणि पायपेटीच्या जळक्या पट्ट्या हातात घेऊन बसला. कुणाला खरचटलंही नव्हतं, पण कॅप्टननी कांगासच्या बाहीवरची बढतीची फीत काढून घेतली आणि त्याला कुठलंही पदक द्यायचं नाही असं कारकुनाला सांगितलं. कारकून शब्दाचा पक्का होता. त्यानं कोरियाची पदकंसुद्धा लिहिली नाहीत.

जेवणघरात कुणीतरी टाळी वाजवली. रेइनो जमिनीकडे बघत होता. लेम्पी वळून त्याच्याकडे बघायला लागली. आता पायपेटीचं निघणार, वडिलांचं निघणार, त्या तासभराच्या प्रश्नांचं निघणार, असं त्याला वाटलं.

“दगड कुठले घेतले होतेस?” लेम्पीनं विचारलं.

रेइनो पावाच्या पिशवीची गाठ सोडायला लागला.

“रेइनो. दगड कुठले?”

“नदीतले,” तो म्हणाला.

लेम्पीनं डोळे मिटले. तिच्या माहेरी-सासरी चार पिढ्यांत कुणी सौनेला पाण्यातले दगड लावले नव्हते. पाण्यातल्या दगडात ओल राहते, तापला की तो फुटतो, हे तामारॅक क्रीकमध्ये शाळेत जायच्या आधीच पोरांना कळतं. आणि रेइनोनं पन्नास वर्षं तोंड मिटून ठेवलं होतं ते सासऱ्याच्या भीतीनं, पायपेटीच्या भीतीनं, हे खरंच. पण सासरे जाऊनही जमाना झाला होता. त्यानंतर गप्प राहिला तो या दगडांमुळे.

“बर्फाखाली दुसरे दिसत नव्हते,” तो पुटपुटला.

“मग खणायचं होतं,” लेम्पी म्हणाली.

तिनं एवढ्यावर तो विषय बाजूला ठेवला, पिशवीतून ग्वेननं दिलेला कागद काढला आणि कॅप्टनपुढे सरकवला. कॅप्टननी तो वाचला आणि पेन खाली ठेवलं. याचं वर्तन चांगलं होतं असं मी लिहून देणार नाही, ते म्हणाले. कारण ते चांगलं नव्हतं. लेम्पी म्हणाली, काळी पडलेली बोटं बरी झाली का? कॅप्टननी थोडा विचार केला. म्हणाले, त्या हिवाळ्यात शेजारच्या कंपनीत नऊ जणांची बोटं कापावी लागली, माझ्या कंपनीत एकाचंही नाही. पण ते सौनेमुळे की माझ्या मोज्यांच्या हुकुमामुळे, ते मला सांगता येणार नाही. मला माझा नंबर मिळालाच नाही, तर मी साक्ष कशाची देऊ?

“म्हणजे तुमचा नंबर मिळाला तर द्याल?” लेम्पीनं विचारलं.

मेरीडिथ मध्ये पडली. वडिलांचं हृदय, वडिलांचा रक्तदाब, वडिलांचं वय. कॅप्टननी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.

जूनमध्ये मेरीडिथ त्यांना घेऊन तामारॅक क्रीकला आली. येताना तिनं रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं, डॉक्टरची चिठ्ठी आणली की दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही आणि खालच्याच, कमी गरम पायरीवर. सौना रेइनोनं सकाळपासून मंद तापवत ठेवली होती. कुंपणाबाहेर क्लिफर्ड बुस्के सहज फिरायला आला होता. एल्मा साल्मेला सहज दोन डबे घेऊन आली होती. आणखी दहाबारा माणसं सहज आली होती. लेम्पीनं कुणाला हाकललं नाही. उलट अंगणात कॉफी मांडली.

रेइनो आणि त्याचा खांदा धरून खुर्चीतून उठलेले कॅप्टन आत गेले. टॉवेल गुंडाळलेले, दोघांच्याही पाठीची हाडं मोजता येतील असे. कॅप्टन खालच्या पायरीवर बसले आणि त्यांनी पहिल्यांदा चुलीवरच्या दगडांकडे बघितलं.

“हे कुठले?”

“खाणीवरचे, सर. कोरडे.”

“नक्की?”

“पासष्ट साली लावलेत.”

रेइनोनं ओगराळंभर पाणी दगडांवर टाकलं. चर्र झालं आणि वाफ वर जाऊन छताला लागून हळूच खाली उतरली, खांद्यांवर, मानेवर. कॅप्टननी मोठा श्वास घेतला. सौनेत कुणी बोलत नसतं, हे कॅप्टनना ठाऊक नव्हतं. ते म्हणाले की त्या दिवशी आपण रागावलो ते चर्चसाठी नाही. कर्नलसाठीही तितकं नाही. तीन महिने आपल्याला ऊब अशी मिळाली नव्हती, आणि सकाळपासून गात बाहेर येणारी पोरं आपण मोजत होतो, आता चार राहिली, मग आपण. “कांगास, मी त्या दिवशी रडलो असतो. कर्नल होता म्हणून राहिलं.”

“माफ करा, सर,” रेइनो म्हणाला.

“अजून एक ओगराळं टाक.”

“डॉक्टर—”

“हुकूम आहे.”

बाहेर मेरीडिथ घड्याळ बघत होती. दहा मिनिटं झाली तसं तिनं दार वाजवलं. आतून गाण्याचा आवाज आला. कॅप्टनचा आवाज फाटका होता, सूर तर कुठलाच नव्हता, पण गाणं होतं. क्लिफर्डनं टोपी काढली. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सही झाली ती अंगणातल्या टेबलावर, मासे आणि नवे बटाटे खाऊन झाल्यावर. कॅप्टननी छापील वाक्य खोडलं आणि आपल्या अक्षरात लिहिलं: शिपाई कांगास यानं प्रार्थनेचा तंबू जाळला, ती चूक होती. त्यानं माझ्या माणसांना ऊब दिली, ते सद्वर्तन होतं. दोन्हींचा हिशेब मी त्या वेळी चुकीचा केला. आता दुरुस्त करतो. ग्वेननं तो कागद वाचला, असा कागद आपण उभ्या नोकरीत वर पाठवला नव्हता म्हणाली, आणि पाठवला.

वर कुणी तो वाचला, हसलं की नुसताच शिक्का मारला, ते कळायला मार्ग नाही. वर्ष गेलं. मग दुरुस्तीचा कागद आला आणि मागोमाग एक खोकं. कोरियाची पदकं होती, सद्वर्तनाचं होतं. शिवाय पोहण्यात निपुण असल्याचा एक बिल्ला होता, जो कुणी मागितला नव्हता. रेइनोला पोहता येत नव्हतं. तो परत करायचा तर नवीन अर्ज करावा लागेल, असं ग्वेननं सांगितलं. लेम्पीनं तो बिल्ला शिवणाच्या डब्यात टाकला.

हॉलच्या भिंतीवर रेइनोचा फोटो लागला, खाली पदकं. क्लिफर्डनं समारंभ केला. एल्मानं सगळ्यांसमोर लेम्पीला मिठी मारली, आणि लेम्पीनं ती मारू दिली. नवीन तरुण पाद्रीनं रेइनोला बाजूला घेऊन विचारलं की जळालेल्या तंबूचं मनाला काही ओझं वाटतं का. रेइनो म्हणाला, वाटायचं. पण गावात तंबूचं कुणाला काही नव्हतं. बाजारात, पेट्रोलपंपावर, न्हाव्याकडे, जिथं तिथं जाणते म्हातारे रेइनोला थांबवून एकच गोष्ट विचारायचे: अरे, पण नदीतले दगड? लेम्पीला कुणी विचारलं तर ती म्हणायची की नवऱ्याचं वर्तन चांगलं असल्याचं सरकारनं लिहून दिलंय. अक्कल असल्याचं लिहून दिलेलं नाही.

कॅप्टन आणखी दोन उन्हाळे आले. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात मेरीडिथचा फोन आला की वडील गेले. रेइनो आणि लेम्पी ऑशकॉशला गेले. जाताना रेइनोनं कोटावर सद्वर्तनाचं पदक लावलं, लेम्पीनं ते सरळ केलं. चर्चमध्ये वाजवणारी बाई ऐन वेळी आजारी पडली होती, तर लेम्पीच पायपेटीवर बसली. रेइनोला मेरीडिथनं घरच्या माणसांत, पहिल्या बाकावर बसवलं. शेवटपर्यंत तो जागा होता. नंतर हॅमचे सँडविच आणि कॉफी झाली, मेरीडिथनं दोघांना वाटेसाठी केक बांधून दिला, आणि अंधार पडून हरणं रस्त्यावर यायच्या आत घरी पोचावं म्हणून ते लवकर निघाले.